घर लहान, ओसरी मोठी

सौंदड हे गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचे आणि नागपूर–रायपूर महामार्गालगतचे सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. सगळा पट्टा धानाचा. रेल्वे नॅरोगेज होती तेव्हापासून ती इथल्या माणसांना कामासाठी बाहेर नेत आली आहे आणि नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर नागपूर, पुणे, मुंबई आणखी जवळ आली. अशा गावात आज घराच्या विषयाला दोन टोके आहेत. शहरात गेलेल्याच्या वाट्याला वन रूम किचन येते, बऱ्याचदा एखाद्या जुन्या चाळीत किंवा पागडीच्या इमारतीत. गावात राहिलेल्याला मंजूर होते ते घरकुल. दोन्ही घरे लहान, आणि दोघांनाही मिळणारा सल्ला एकाच ठशाचा: भिंतींना फिका रंग द्या, समोर मोठा आरसा लावा, पलंग घडीचा घ्या, कपाट छतापर्यंत न्या. हा सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. तो घराची हद्द चार भिंतींशी संपते असे धरून चालतो. महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत लाखो कुटुंबांनी लहान खोल्यांत संसार केले. त्यांचा अनुभव वेगळेच सांगतो. खोली किती मोठी वाटेल हे आतल्या सामानापेक्षा दाराबाहेरच्या जागेवर जास्त ठरते. गॅलरी, जिना, ओटा, ओसरी, अंगण यांनी घराची निम्मी कामे उचललेली असतात. ती जागा काढून घेतली की आतली सजावट कितीही हुशारीची असो, घर कोंदटच राहते.

याचा मोठा पुरावा मुंबईच्या बीडीडी चाळींत आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात घरांची टंचाई भयंकर झाली, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, मध्ये लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग आणि संडास सामाईक. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटचे ते काम त्या काळात नवलाईचे होते, तरी सुरुवातीला कामगार तिथे जायला फारसे राजी नव्हते आणि बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे त्याच खोल्यांत तीन-चार पिढ्या नांदल्या. इमारतीचा आराखडा सरकारी खात्याने केला खरा. पण त्या खोलीत माणसांनी राहायचे कसे, याचा आराखडा राहणाऱ्यांनीच केला, आणि त्यात पॅसेजला पहिल्या दिवसापासून हिस्सा होता.

अशा खोलीची आतली मांडणी नीट पाहिली तर ती किती विचारपूर्वक केलेली असे ते कळते. एका कोपऱ्यात मोरी, तिच्यालगत स्वयंपाकाचा ओटा, म्हणजे पाण्याची कामे एकाच बाजूला. वर लाकडी माळा; त्यावर वर्षातून एकदा लागणारे सामान, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचे मखर. भिंतीवर भांड्यांची मांडणी, त्यामुळे जमीन मोकळी. एकच कॉट, तिच्याखाली ट्रंका आणि धान्याचे डबे. देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी, तिच्यावर कपडे. खोलीतली कुठलीही वस्तू दिवसभर एकाच कामाला बांधलेली नसे. पहाटे पाचला तीच खोली न्हाणी, सातला स्वयंपाकघर, दुपारी शिवणकामाची जागा, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री अंथरुणांचा दालनभर पट. गिरणीत तीन पाळ्या चालत, त्यामुळे रात्रपाळी करून आलेला माणूस ज्या जागेवर सकाळी झोपे, ती त्याच्या भावाने नुकतीच मोकळी केलेली असे. आज ज्याला बहुउपयोगी फर्निचर म्हणून विकले जाते, त्याचे काम तेव्हा वेळापत्रक करत होते. पण हे वेळापत्रक चालण्याला एक अट होती. ज्याला त्या घटकेला खोलीत काम नाही, त्याला बाहेर बसायला जागा हवी. रात्रपाळीवाला झोपला असताना मुले पॅसेजमध्ये असत, बायका दारात तांदूळ निवडत, म्हातारे जिन्याच्या पायरीवर. खोलीचे १६० फूट हा घराचा फक्त आतला भाग होता.

गिरगावच्या जुन्या चाळींत हेच चित्र अधिक उजळ दिसते, कारण तिथे काळोख्या पॅसेजऐवजी चौकाकडे तोंड करून लाकडी कठड्याची गॅलरी असे. उजेड, वारा आणि शेजार, तिन्ही एकाच बाजूने. खाली चौक. १८९३ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो असा चौक हाताशी होता म्हणून. दोन खोल्यांच्या घरात आरतीला माणसे किती मावणार? लग्न, बारसे, वार्षिक सभा, नाटकाची तालीम, क्रिकेट या सगळ्यांना जागा देणारे दालन घराबाहेर होते आणि त्याचे भाडे कुणी वेगळे देत नव्हते. म्हणून चाळीतल्या माणसाला आपले घर लहान आहे हे ठाऊक असे, पण तो घरात अडकून पडलेला नसे. या दोन स्थितींतला फरक चौरस फुटांच्या हिशेबात कुठेच येत नाही. आजच्या घरांच्या बहुतेक चुका त्या न मांडलेल्या हिशेबातून झाल्या आहेत.

आता या दाव्याची उलट बाजूने परीक्षा घेऊ. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या टप्प्यातल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट, स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर, उंच मनोऱ्यात लिफ्ट. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे हा करंटेपणा होईल. पण तिपटीहून मोठे झालेले हे घर तिपटीने मोकळे वाटेल का, याचे उत्तर सरळ नाही. चपला, सायकल, वाळत घातलेले कपडे, पाण्याचे पिंप, बसायला आलेला शेजारी, अभ्यासाला जमलेली मुले, दुपारी दारात बसणारी आजी हे सगळे पूर्वी उंबऱ्याबाहेर होते. मनोऱ्यातल्या लिफ्टच्या लॉबीत त्यातले काहीच चालत नाही, म्हणून ते सगळे आत येते. श्रीमंतांच्या इमारतीतही वेगळे घडलेले नाही. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या गोलसर बाल्कन्या आणि खिडक्यांवरचे आडवे छज्जे ही समुद्राच्या वाऱ्याशी केलेली व्यवस्था होती. पुढे शहरभर बाल्कन्या बंद करून खोलीत घेण्याची लाट आली आणि १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिला वाटही दिली. खोली चार फुटांनी वाढली, आणि तिचा वारा गेला. मग एसी आला.

निव्वळ आतल्या मांडणीवर भिस्त ठेवण्याचे प्रयोग जगात उत्तम बुद्धीच्या माणसांनी करून पाहिले आहेत. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले. बाईची पावले मोजून प्रत्येक खण, फळी, नळ जिथल्या तिथे. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरे झाली आणि आजच्या मॉड्युलर किचनची आजी तीच. श्रम वाचले, यात वाद नाही. पण पुढच्या पिढीतल्या स्त्रियांनी त्या स्वयंपाकघरावर घेतलेला आक्षेपही खरा होता. त्या अरुंद खोलीत बाई एकटी पडली, मूल डोळ्याआड गेले, मदतीला दुसरे माणूस आत मावेना. दुसरे उदाहरण टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरचे. वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी १९७२ साली १४० कॅप्सूल दोन मनोऱ्यांना लटकवल्या. प्रत्येक खोली सुमारे १० चौरस मीटरची; पलंग, टेबल, कपाट, टेप रेकॉर्डरसुद्धा भिंतीत बसवलेला, आणि न उघडणारी एक गोल खिडकी. कॅप्सूल २५ वर्षांनी बदलायच्या होत्या, त्या कधी बदलल्या नाहीत आणि २०२२ साली इमारत पाडली गेली. आतली प्रत्येक वस्तू जागेवर खिळली की घर राहणाऱ्याबरोबर बदलू शकत नाही. चाळीतली दोरी, माळा आणि कॉट पिढ्यानपिढ्या टिकली, कारण त्यांना बदलता येत होते.

मुंबईचा हा अनुभव सौंदडच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याला, परका नाही; उलट इथल्या जुन्या घराने तोच विचार आधीच केला होता. मातीची जाड भिंत, लाकडी खांब, वर कवेलू. समोर छपरी, म्हणजे इथली ओसरी; तिच्यात बसणे-उठणे, येणाऱ्याचे स्वागत, दोरखंड वळणे, उन्हाळ्यात झोपणे. आत माजघर, तिथे धानाची ढोली आणि देव. मागे स्वयंपाकघर, त्यापलीकडे न्हाणी, गुरांचा कोठा, वाडी. बंद खोली एक किंवा दोन, पण उघड्या, अर्ध्या उघड्या आणि बंद अशा जागांची उतरंड मोठी. इथे बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. या दोन टोकांना एकच खोली पुरत नाही. पावसात लाकूडफाटा कोरडा राहायला आणि माणसाला भिजल्या अंगाने आत न शिरता थांबायला छपरी लागते, उन्हाळ्यात रात्री वाऱ्याला अंगण लागते. मातीची भिंत दुपारची धग सावकाश आत सोडते, आणि कवेलूंच्या फटींतून वर जमलेली गरम हवा निघून जाते. घरातल्या घरात ऋतूप्रमाणे मुक्काम हलवायचा, ही इथली पद्धत होती. चाळीत जे वेळापत्रक दिवसाचे होते, ते इथे वर्षाचे होते.

आता त्याच गावात मंजूर होणारे घरकुल पाहू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे २६९ चौरस फूट. साहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागांत १ लाख ३० हजार, शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि संडासासाठी वेगळी रक्कम. बीडीडी खोलीहून हे घर शंभर फुटांनी मोठे आहे, आणि पक्के आहे. मग ते उन्हाळ्यात असह्य का होते? वर सरळ काँक्रीटचा स्लॅब, भिंती पातळ, समोर पायरी आणि लगेच रस्ता. दिवसभर तापलेला स्लॅब धग साठवतो आणि माणूस झोपायला आडवा होतो तेव्हा ती खाली सोडतो. धानाचे कट्टे, फवारणीचा पंप, सायकल, मोटारसायकल, टीव्ही आणि पाच माणसे एकाच मापात. त्यामुळे पूर्व विदर्भात जागोजागी एकच गोष्ट दिसते: घरकुल पूर्ण झाल्यावर मालक पदरचे पैसे घालून समोर टिनाचे शेड टाकतो, किंवा मागचे जुने कवेलूचे घर न पाडता ठेवून देतो. लोकांनी आराखड्यात राहिलेली चूक स्वतःच्या खर्चाने दुरुस्त केली, असाच याचा अर्थ आहे. आराखड्यात नसलेली ओसरी शेवटी होतेच, फक्त ती उशिरा, महाग आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याची होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा सगळा चाळीचा आणि मातीच्या घराचा उमाळा आहे. तिथे राहिलेल्यांना विचारा: संडासापुढची रांग, नळावरची भांडणे, क्षय, ढेकूण, भिजलेल्या भिंती. आक्षेप रास्त आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला, तो कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांनी माणसे मारली म्हणूनच. पण नीट पाहिले तर यातली बहुतेक दुःखे सामाईक संडासाची, अपुऱ्या पाण्याची आणि मालकाने सोडून दिलेल्या दुरुस्तीची होती. गॅलरीने कुणाला क्षय दिला नाही. उजेड-वारा अडवणाऱ्या खोल्यांनी दिला. संडास आणि नळ घरात आलाच पाहिजे. बसणे, वाळवणे, खेळणे, निजणे यांना उघडी जागा राहिलीच पाहिजे. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. पुनर्विकासाने पहिली मागणी पुरी करताना दुसरी ओझे म्हणून टाकून दिली, एवढाच तक्रारीचा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: एकांताचे काय? उघड्या जागेत सगळे सगळ्यांना दिसते. नव्या जोडप्याला, वयात आलेल्या मुलीला, वाचणाऱ्या माणसाला दार लावता आले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ परळला त्याच सुधार ट्रस्टच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत राहिले. पुढे ते गेले दादरच्या राजगृहात, जे त्यांनी ग्रंथांसाठी जागा ठेवून बांधून घेतले. ज्ञानाला एकांत लागतो, हे त्यातून दिसतेच. शिवाय गावातली सामाईक जागा सगळ्यांची कधीच नव्हती. पार कुणाचा, विहीर कुणाची, कोणाच्या ओट्यावर कोण बसणार, हे जात ठरवत होती, आणि मुंबईतल्या चाळीही बऱ्याचदा जातीजातींच्या होत्या. म्हणून उघड्या जागेची मागणी करताना ती कोणाच्या ताब्यातली, हे आधी सांगावे लागेल. निव्वळ सार्वजनिक चौक पुरेसा नाही. प्रत्येक घराला त्याची स्वतःची ओसरी हवी, जिथे कुणाच्या परवानगीवाचून बसता येते, आणि आत किमान एक खोली अशी हवी जिचे दार ओसरीत थेट उघडत नाही. ओसरी असेल तर आतली खोली एकांतासाठी मोकळी राहते. नसेल तर तीच बैठकीची खोली होते आणि एकांत संपतो. एकांताला ओसरीचा अडथळा होत नाही, उलट तोच तिच्या आधाराने उभा राहतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि देखभालीचा. कवेलू वानरे फोडतात, दरवर्षी पावसाआधी घर शाकारावे लागते, शाकारणारा माणूस मिळत नाही, मातीची भिंत उंदीर पोखरतात. हे सगळे खरे आहे, आणि इथे कुणी मातीच्याच घराचा हट्ट धरू नये. जुन्या घरातून घ्यायची ती रचना. साहित्य बदलू शकते. त्यातही स्वस्त वाटा आहेत. केरळात काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी रूढ केलेल्या फिलर स्लॅबमध्ये स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट ताण घेत नाही आणि नुसता भार वाढवते, तिथे छपराची कौले बसवतात. काँक्रीट वाचते, आणि कौलांमधल्या हवेमुळे धग कमी उतरते. त्यासाठी सळई नीट बांधणारा मिस्त्री आणि देखरेख हवी, एवढेच. ज्याला तेही जमत नाही, त्याने उन्हाळ्यापूर्वी स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले तरी फरक पडतो. उलट जुने घर राखून आत सुधारणा करणाऱ्याने एक चूक टाळावी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा धरत नाही; ओल आत कोंडते आणि थर पोपडे धरून सुटतो. मुंबईच्या लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतींतही नेमके हेच होते. वरच्या मजल्यावर हौसेने नवी टाइलची न्हाणी केली जाते, पाणी झिरपते, आणि भिंतीत घुसलेले तुळईचे टोक आतून कुजते. बाहेरून रंग ताजा दिसत असतो. जुन्या वास्तूत आतली सजावट करताना पाण्याची कामे मूळ जागीच ठेवावीत, भार वाढवू नये, चुन्याच्या भिंतीला चुनाच द्यावा, आणि जे बसवाल ते काढता येईल असे बसवावे. ही पथ्ये गिरगावला लागू आहेत तितकीच सौंदडला.

जागा कमी असताना उघडी जागा सोडणे परवडते का, याचे उत्तर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये देऊन ठेवले आहे. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी केलेल्या त्या वसाहतीत सात-सात लहान घरे सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती बसवली. प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, म्हणजे पुढे वाढवता येईल असे. उष्ण देशात आकाशाखालची जागा ही खोलीच असते आणि ती बांधायला सर्वांत स्वस्त असते, हा कोरियांचा आयुष्यभराचा मुद्दा. पुढे अनेक मालकांनी तिथली मूळ घरे पाडून मोठी बांधली, आणि प्रयोग फसल्याचा तो पुरावा म्हणून दाखवला जातो. पण घर वाढावे हाच तर आराखड्याचा हेतू होता. सौंदडसारख्या गावात जमिनीची टंचाई बेलापूरइतकी नाही. हिशेब करून पाहा: सोळा फूट रुंदीच्या घरासमोर सहा फूट खोल ओसरी काढली तर ९६ चौरस फूट मिळतात, म्हणजे घरकुलाच्या किमान क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशाहून जास्त. तिला तीन भिंती लागत नाहीत, स्लॅब लागत नाही, दारे-खिडक्या लागत नाहीत. घरातली सर्वांत स्वस्त जागा हीच, आणि दिवसाचे सर्वांत जास्त तास वापरली जाणारीही हीच.

तेव्हा लहान घराची सजावट हा रंगाच्या आणि फर्निचरच्या दुकानात सुटणारा प्रश्न नाही. तो आराखडा मंजूर होतो त्या टेबलावर सुटतो. शहरात पुनर्विकासाचा करार करणाऱ्या रहिवाशांनी कार्पेट एरियाबरोबर मजल्यावरच्या मोकळ्या जागेची रुंदी, तिथला उजेड आणि ती वापरण्याचा हक्क लिहून घ्यावा. गावात केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने प्रदेशनिहाय घरांचे नमुने तयार करवून घेतलेले आहेत. पंचायत समितीच्या अभियंत्याने ते लाभार्थ्यापुढे ठेवावेत आणि सगळ्यांना एकच चौकोन काढून देऊ नये. धान ठेवायला माळा, समोरासमोर दोन खिडक्या आणि दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाला आडोसा एवढे त्यात असले तरी निम्मे काम होते. आणि घरकुलाच्या अंदाजपत्रकात पाया, भिंत, स्लॅब यांच्याखाली ओसरीचा रकाना पहिल्यापासून असावा. रक्कम तेवढीच राहिली तरी चालेल. आतली एक भिंत दोन फूट मागे सरकवून तो खर्च निघतो. पाच माणसांच्या कुटुंबाला त्या दोन फुटांपेक्षा ओसरीचे सहा फूट रोज अधिक उपयोगी पडतात.